सातपुड्याकडे वळलेला माइक

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्याला सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाची धडधड नवी नाही. असल्या धडधडीतून संगीत रचता येतं हे पिएर शेफर या फ्रेंच रेडिओवाल्यानं १९४८ साली दाखवलं. पॅरिसच्या एका स्टेशनात इंजिनं, शिट्ट्या, रुळांचे खडखडाट मुद्रित करून त्यानं रेल्वेवर एक रचना बांधली. आज ‘अँबियंट’ म्हणून पाऊस, बेडूक आणि सिंथेसायझरचे लांबलचक सूर ऐकवले जातात, त्याची एक मुळी शेफरच्या या रचनेत आहे.

दुसरी मुळी अमेरिकेतली. पॉल बीव्हर आणि बर्नी क्राउज यांनी १९७० मध्ये ‘इन अ वाइल्ड सँक्च्युअरी’ हा अल्बम काढला. त्यात मूग सिंथेसायझरच्या जोडीला बाहेर जाऊन टिपलेले निसर्गाचे आवाज होते. ब्रायन इनोनं १९८२ च्या ‘ऑन लँड’मध्ये बेडूक, किडे आणि कावळ्यांचे भाईबंद सुरांच्या खाली असे मुरवले, की वाद्य कुठं संपतं ते कळू नये.

आपल्याकडे मूग सिंथेसायझर उशिरा आला असं वाटत असेल, तर तसं नाही. गीता साराभाई यांच्या पुढाकारानं १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग बसवला. तिथं अतुल देसाई, आय. एस. माथूर, जिनराज जोशीपुरा यांनी टेपा भरल्या. त्या पुढं संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुर्गस यांनी त्या हुडकल्यावर २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा अल्बम निघाला. रनाळ्याहून अहमदाबाद काही फार लांब नाही.

पण खानदेशातला खरा ऐवज तापीपलीकडं, शहाद्याच्या बाजूला आहे. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर खात्रीनं कुणाला सापडलं नव्हतं. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकानं चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. ती लबाडी उघडी पडल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडं वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या आवाजांवर शोधनिबंध लिहिला.

संगीतकाराला असा आवाज म्हणजे नुसतं सजावटीचं सामान नव्हे. तो यंत्रावर अर्ध्या वेगानं वाजवला, तर लांबी दुप्पट होते आणि स्वर एक सप्तक खाली येतो. हुंकाराचा घुमारा होतो. रातकिड्यांची किरकिर अशीच उतरवत नेली, की तिच्यातले कानाला एरवी न पकडता येणारे ठोके सुटे होतात. आधी मात्र माइकवर केसाळ टोपडं चढवावं लागतं, नाहीतर टेपेवर येतो तो निव्वळ वारा.

बाजारात ‘जंगलाचे आवाज’ म्हणून मिळणाऱ्या तयार तुकड्यांमध्ये कुठल्याही देशाचा पाऊस कुठल्याही पक्ष्याला जोडलेला असतो. झोप येण्यापुरतं ते ठीक. पण सातपुड्याच्या नावानं रचना करायची, तर सातपुड्यातच मुद्रण करायला हवं, तेही लांबून. रानपिंगळा संकटग्रस्त आहे. त्याचाच आवाज त्याला वाजवून दाखवला, की तो हद्दीत दुसरा आला समजून शिकार सोडून धावतो. विणीच्या दिवसांत तर स्पीकर गाडीतच ठेवलेला बरा.