निवृत्त ॲडमिरलने बोलावे का?

सेनाधिकारी निवृत्त होऊन राज्यपाल झाला किंवा एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसला, तर आपल्याकडे कोणाची हरकत नसते. तो सरकारी धोरणावर बोलू लागला, की मात्र त्याच्या निष्ठेची झडती सुरू होते. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या वाट्याला हे भरपूर आले. १९३३ मध्ये माटुंग्यात जन्मलेले रामदास १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख होते. पुढे ते अलिबागजवळच्या खेड्यात स्थायिक झाले आणि अण्वस्त्रविरोधाच्या व भारत-पाक मैत्रीच्या कामाला लागले. आधीचे योद्धे रामदास वेगळे आणि नंतरचे चळवळे रामदास वेगळे, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती चुकीची आहे, कारण त्यांची चळवळ उभी राहिली ती नौदलात शिकलेल्या हिशेबावरच.

१९७१ च्या युद्धात ‘बियास’ ही फ्रिगेट त्यांच्या हाताखाली होती. विमानवाहू ‘विक्रांत’च्या ताफ्यासोबत बंगालच्या उपसागरातली नाकेबंदी तिने सांभाळली आणि रामदासांना वीरचक्र मिळाले. नाकेबंदी म्हणजे नुसत्या तोफा डागणे नव्हे. संशयित जहाजाला थांबवायचे, कागदपत्रे पाहायची, माल तपासायचा, मग ते सोडायचे की ताब्यात घ्यायचे ते ठरवायचे. दर पायरीवर माघारीला वाव असतो. अण्वस्त्रांत तोच नसतो. दिल्ली-लाहोर हवाई अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. क्षेपणास्त्राला ते कापायला काही मिनिटे पुरतात. मे १९९८ मध्ये भारताने पोखरण आणि पाकिस्तानने चगाई येथे अणुचाचण्या केल्यावर रामदासांनी घेतलेली अण्वस्त्रविरोधी भूमिका या हिशेबाशेजारी ठेवून पाहिली, तर ती भाबडी वाटत नाही. २००४ मध्ये त्यांना पाकिस्तानचे पत्रकार व मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रेहमान यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो दोन देशांतल्या शांततेच्या कामासाठी.

मग खुर्चीवर असताना ते हे का बोलले नाहीत, असा पहिला आक्षेप येतो. सेवेत असलेल्या सेनानीने लोकनियुक्त सरकारशी जाहीर वाद घालू नये, ही लोकशाहीची अट आहे. तेव्हाचे मौन ही लाचारी नव्हे. शिवाय अधिकाराच्या चौकटीत जो बदल करता येतो, तो त्यांनी केला. १९९२ मध्ये नौदलात महिला अधिकारी आल्या, त्या त्यांच्याच कारकिर्दीत. सुरुवात शिक्षण, कायदा, रसद अशा किनाऱ्यावरच्या मोजक्या शाखांपुरती होती. त्यांचा कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत सेवेचा, हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०२० उजाडले, यावरून ते पहिले पाऊल किती अवघड वाटेवरचे होते हे कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवृत्ताच्या हुद्द्यामागोमाग सैन्यही राजकारणात ओढले जाते. रामदास आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल होते, तेव्हा ही सीमारेषा पुसट झाली हे मान्य करायला हवे. पण २०१५ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले, ते पक्षातल्या भांडणाच्या ऐन भरात. पक्षाची री ओढणाऱ्याच्या वाट्याला सहसा हे येत नाही. पाकिस्तानातल्या बालाकोटवरील हवाई कारवाईनंतर २०१९ मध्ये, सैन्याच्या पराक्रमाचा मते मागण्यासाठी वापर होऊ देऊ नका, असे पत्र त्यांनीच निवडणूक आयोगाला लिहिले. हुद्द्याचा धाक राजकारणात आणणे निराळे आणि राजकारणाला त्या हुद्द्यापासून लांब ठेवण्यासाठी बोलणे निराळे. निवृत्त अधिकाऱ्याचे तोंड बंद केले, तर हे दुसरे काम करायला गणवेशातला कोणीच मोकळा नसतो.