अगंज पोलादी वाहनांचे गंजणे

अगंज पोलादाच्या म्हणजेच स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांनी बांधलेल्या मोटारगाड्या व रेल्वेचे डबे यांच्या पृष्ठभागावर डाग अथवा खळगे पडणे, तसेच सांध्यांजवळ धातूचे क्षरण होणे, या क्रियांचा यात समावेश होतो. ‘अगंज’ हे नाव सापेक्ष आहे. हे पोलाद साध्या पोलादापेक्षा फारच सावकाश गंजते. ते मुळीच गंजत नाही, असे नव्हे.

या पोलादात किमान सु. १०.५% क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनाशी त्याचा संयोग होऊन पृष्ठावर काही नॅनोमीटर जाडीचे, डोळ्यांना न दिसणारे ऑक्साइडाचे पटल तयार होते. ओरखडा पडला, तरी ऑक्सिजन मिळताच हे पटल आपोआप पुन्हा बनते. त्यामुळे असा पत्रा न रंगविताही वापरता येतो.

पटल तुटून पुन्हा बनू शकले नाही, तर क्षरण सुरू होते. समुद्राकाठची खारी हवा व थंड प्रदेशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ यांतील क्लोराइडामुळे पटलाला सूक्ष्म छिद्रे पडून खोल खळगे होतात. पत्र्यांच्या जोडांतील फटींत ऑक्सिजन कमी पोहोचत असल्याने तेथे ही क्रिया अधिक जलद होते. सु. २–३% मॉलिब्डेनम मिसळल्यास खळगे पडण्यास होणारा विरोध वाढतो.

वितळजोडकाम करताना धातू सु. ४५०° ते ८५०° से. तापमानात अधिक काळ राहिल्यास क्रोमियमाचा काही भाग कार्बाइडाच्या रूपाने स्फटिककणांच्या सीमांवर साचतो व त्यालगतची धातू दुबळी होते. अमेरिकेतील बड कंपनीने १९३४ मध्ये ‘झेफर’ ही आगगाडी बांधताना प्रबळ पण क्षणिक विद्युत् प्रवाहाने ठिपक्यांच्या आकाराचे जोड करून हा दोष टाळला. कार्बनाचे प्रमाण ०.०३ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवणे, हा दुसरा उपाय होय.

अगंज पोलाद व साधे पोलाद एकत्र ओले झाल्यास विद्युत् घट तयार होऊन साधे पोलाद झिजते. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ पासून तयार झालेल्या डीलोरियन मोटारगाडीचे बाह्य पत्रे अगंज पोलादाचे होते. परंतु खालची चौकट लेप दिलेल्या साध्या पोलादाची होती. लेप निघाल्यावर ती गंजत असल्याने बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या गाडीचाही मुख्य आधार दुर्बल होऊ शकतो.

प्रत्येक तांबूस डाग पत्र्याच्या क्षरणाचा द्योतक नसतो. रेल्वेमार्गावरील धूळ, ब्रेकची झीज किंवा कारखान्यातील घासकाम यांतून उडालेले लोहकण पृष्ठावर बसून गंजतात. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांना मिळू लागलेल्या टेस्ला सायबरट्रक या वाहनावर नारिंगी ठिपके दिसल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये आल्या, तेव्हा असे बाह्य कण हेच कारण सांगण्यात आले. मात्र ते दीर्घकाळ राहू दिल्यास त्यांच्याखाली खळगे पडू शकतात.

वाहन वेळोवेळी गोड्या पाण्याने धुणे व कोरडे करणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे. क्लोरीनयुक्त विरंजक व साध्या पोलादाची घासणी वापरू नये. लोहकण सिट्रिक किंवा फॉस्फोरिक अम्लयुक्त द्रावणाने काढता येतात. त्यानंतर पृष्ठ भरपूर पाण्याने धुवावे. भारतात कपूरथळा येथील कारखान्यात बनणाऱ्या लिंके-हॉफमान-बुश पद्धतीच्या डब्यांनाही अगंज पोलाद वापरतात. अशा सर्व वाहनांची तपासणी करताना चकाकत्या पृष्ठापेक्षा सांधे, फटी, निचऱ्याची छिद्रे व तळभाग यांकडे अधिक लक्ष देणे आवश्यक असते.