दोन रेषांमधला कडा

तिन्हीसांजेला सह्याद्रीतली एक सोंड उतरताना पुढे अचानक कातळकडा आला आणि आल्या वाटेने परत चढावे लागले. नकाशात तो कडा नव्हता. समोच्चरेषांचा माझा अभ्यास तिथून सुरू झाला.

समान उंचीची ठिकाणे जोडणारी ती समोच्चरेषा. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सौम्य. घोटाळा होतो तो सोंड आणि घळ ओळखताना, कारण दोन्हींकडे रेषा कोन करून वळतात. कोनाचे टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड. ओरिएंटियरिंगच्या नकाशांवर उंचीचे आकडे फारसे नसतात. तिथे रेषेला जोडलेली बारीक खूण उताराची बाजू दाखवते.

या नकाशांचे प्रमाण सहसा १:१५,००० आणि रेषांमधले उंचीचे अंतर ५ मीटर असते. शिवाय कड्याला वेगळी काळी खूण. माझ्या हातात होता भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा. त्यात हे अंतर २० मीटर. पंधरा मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज मावतो.

आता उतरण्याआधी मी प्रथम हे अंतर पाहतो.