उत्तनच्या किनाऱ्यावर सुटीचा एक दिवस

जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. आणि पुढे प्राणहिता व गोदावरी यांच्या संगतीने आपल्या शिवारातील पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. तरीही पांढुर्णा व सौंसर भागातील कितीतरी कुटुंबांनी समुद्र अद्याप पाहिलेला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना तो दाखविण्याचा विचार असेल, तर मुंबईच्या उत्तरेस असलेले उत्तन हे गाव अवश्य पाहावे. नागपूरहून रेल्वेने दादर, तेथून लोकलने भाईंदर व पुढे बसने उत्तन, असा मार्ग आहे. येथील कॅथलिक कोळी बांधवांची भाषा मराठी, आणि त्यांच्या एका चर्चचे नावच मुळी ‘अवर लेडी ऑफ द सी’, म्हणजे सागराची माता, असे आहे.

सकाळी लवकर किनारा गाठावा. बांबूंच्या मांडवांवर ओळीने टांगलेले बोंबील वाळत असतात. सावलीत बसून कोणी फाटलेले जाळे सांधीत असतो. पेत्र व अंद्रिया यांचा हाच व्यवसाय होता, हे मुलांनी शुभवर्तमानातून ऐकलेले असते. येथे ते काम त्यांच्या दृष्टीस पडेल.

बोंबील धरण्यासाठी डोल नावाचे जाळे वापरतात. ते तोंडाशी रुंद व शेवटी निमुळते, एखाद्या प्रचंड पिशवीसारखे असते. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळीला आपोआप आत लोटतो, म्हणून कोळ्याला घड्याळापेक्षा चंद्राच्या तिथीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पापलेटासाठी मात्र नौका दूर खोल समुद्रात जातात आणि पाण्यात भिंतीप्रमाणे उभे राहणारे जाळे सोडतात. बर्फ, डिझेल व शिधा भरून तांडेल आणि खलाशी निघतात, ते काही दिवसांनी परततात. मासळी मिळो वा न मिळो, खर्च आधीच झालेला असतो. आपल्या पेरणीचीही तीच कथा नव्हे काय?

नौका पाहून मुले हट्ट धरतील, “आम्हांलाही खोल समुद्रात न्या.” त्यांना समजावून सांगावे, की ही कामाची नौका आहे, सहलीची नव्हे. दोर, जाळी व बर्फ यांच्या गर्दीत अनोळखी माणूस स्वतःही संकटात पडतो आणि इतरांनाही पाडतो. परतलेल्या नौकेतून मासळी उतरताना व कोळिणी चोख हिशेबाने तिची विक्री करताना पाहावे. त्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

सहल मात्र मे महिना संपण्यापूर्वी आखावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो, आणि पुष्कळ जातींच्या मासळीचा हा अंडी घालण्याचा काळ असतो. मृग बहारासाठी उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेचे पाणी तोडून तिला ताण देणाऱ्या शेतकऱ्याला याचे मर्म सांगावे लागणार नाही. योग्य वेळी हात आवरणे हीसुद्धा मशागतच आहे.

पापलेटाला महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी अनेक जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून देण्यात आली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट म्हणजे कोवळे पीक. ते जाळ्यात सापडते, कारण बाजारात त्याला गिऱ्हाईक असते. बर्फात घातलेली समुद्राची मासळी नागपूरच्या बाजारातही येते. तेव्हा समुद्रापासून इतक्या दूर राहूनही आपण कोळी बांधवांना साहाय्य करू शकतो. पुढच्या वेळी घरच्या गृहिणीने स्वस्त मिळते म्हणून बोटभर पापलेट टोपलीत घालू नये. मोठे होण्यास त्याला अवधी द्यावा. कोळ्यांच्या मुलांची उद्याची भाकरी त्यावरच अवलंबून आहे.