मेंदूतील गाठ

इ. स. १८८४ मध्ये लंडन शहरी एका तरुणाचा डावा हात दिवसेंदिवस लुळा पडू लागला; त्याला झटकेही येत. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. परंतु मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या अंगाची हालचाल घडवितो, हे डॉ. बेनेट जाणून होते. त्यावरून त्यांनी गाठीची जागा सांगितली. शस्त्रवैद्य गॉडली यांनी कवटी उघडली, तो गाठ नेमकी तेथेच होती! पुढे जंतुसंसर्गामुळे तो रोगी महिन्याच्या आत दगावला. पण उपचाराचा मार्ग सापडला.

पेशींची अनिर्बंध वाढ झाली की गाठ होते. कवटी कठीण असल्यामुळे वाढती गाठ मेंदूवरच दाब आणते. मग डोकेदुखी, ओकाऱ्या, अंधुक दृष्टी ही लक्षणे उद्भवतात. मात्र प्रत्येक डोकेदुखी गाठीमुळे नसते. काही गाठी सौम्य, तर काही मारक असतात; काही मेंदूतच उपजतात, तर काही अन्य अवयवांच्या कर्करोगातून येतात.

बहुतेक गाठींचे कारण अद्याप अज्ञात आहे. तीव्र किरणोत्सर्ग आणि क्वचित आनुवंशिक दोष कारणीभूत ठरतात. स्पर्शाने मात्र हा रोग कोणासही जडत नाही. अशा रोग्याजवळ निःशंकपणे बसावे; औषधाइतकाच त्याला सोबतीचा आधार हवा असतो.