पालकांची परवानगी आणि शाळेतला मार

‘सर, दोन लावा, पण पोरगं शिकलं पाहिजे,’ असं सांगणारे पालक जिंतूर-गंगाखेडकडे आजही भेटतात. मात्र त्यांच्या परवानगीने मारणं कायदेशीर ठरत नाही.

शारीरिक शिक्षा (शिस्तीच्या नावाखाली मुलाला वेदना देणं) म्हणजे केवळ छडी नव्हे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोंबडा करणं, बाकावर उभं करणं हेही त्यातच येतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. दोषी शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होते. मागे बसलेला ‘सिग्नल तोड’ म्हणाला, म्हणून दुचाकीस्वाराचा दंड टळत नाही, तसंच पालकांच्या परवानगीचं.

घरातल्या चापटीवर अशी थेट बंदी नाही. पण क्रूर वागणूक दिल्यास बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ पालकांनाही लागू होतं. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.