नखाएवढं नेचं, खाचरभर खत

हवेत 78 टक्के नत्र, पण भाताच्या मुळांना त्यातला कणही थेट घेता येत नाही. अझोलाची गोष्ट वेगळी! पाण्यावर तरंगणाऱ्या या नखाएवढ्या नेच्याच्या पानापानात बारीक पोकळी असते आणि तिच्यात निळं-हिरवं शेवाळ मुक्कामाला. हवेतला नत्र पकडतं ते हेच. जोडी इतकी पक्की, की हे शेवाळ बीजाणूंबरोबर अझोलाच्या पुढच्या पिढीतही जातं.

सगळं मनासारखं असेल तर अझोला तीन ते पाच दिवसांत दुप्पट होतो. स्फुरद कमी पडला की लालसर दिसू लागतो, बांधावरूनच ओळखा!

चीनमध्ये सहाव्या शतकातल्या शेतीग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. व्हिएतनाममध्ये उन्हाळ्यात अझोला जगवायची युक्ती थाय बिन्ह प्रांतातल्या मोजक्या गावांनाच ठाऊक होती. ती त्यांनी गुपित ठेवली आणि हंगाम आला, की बाकीच्या गावांना विरजणासारखा थोडा थोडा अझोला विकला.

नुसता तरंगत ठेवून मात्र भागत नाही. नत्र त्याच्या अंगात असतो. चिखलात गाडून अझोला कुजला, की तो भाताला मिळतो. अंगात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, त्यामुळे दहा टन ताज्या अझोलातून नत्र निघतो साधारण 20 ते 30 किलो. म्हणजे युरियाची 45 किलोची एक ते दीड गोणी.

मला त्याचा दुसराच गुण मोठा वाटतो. खाचरात युरिया फेकला, की भर दुपारी त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडतो, कारण खाचरातल्या पाण्यात उन्हावर वाढणाऱ्या शेवाळामुळे त्याचा सामू चढतो. वर अझोलाची दाट साय असली, की शेवाळाला ऊनच मिळत नाही. सामू खाली राहतो, विकतचा युरिया वाचतो. शिवाय तणही दबतं.

कोकणात युरियाच्या याच गळतीवर भाताच्या चारसूत्री लागवड पद्धतीने वेगळा तोडगा काढला: युरिया-डीएपीची गोळी. चार चुडांच्या चौकोनात मधोमध, 2.7 ग्रॅमची एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात धावलं तरी ती जागची हलत नाही. अझोला मात्र त्याच पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून तो सोडायचा तर पाऊस जरा ओसरल्यावर आणि बांधाची भोकं नीट बुजवून.